पत्रा फुटला तर धूळ कोणाच्या छातीत?

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर. ज्या गावांना बैठकीला येता आलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत. गावात वाचून दाखवावा.)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणं झालं, पीकविम्यावर झालं, रानडुकरांवर झालं. आता भाकरी खायची वेळ झाली आणि हा माणूस घरावरच्या पत्र्याबद्दल बोलायला उभा राहिला, म्हणून मागे काही जण हसले. हसायला माझी हरकत नाही. पण थोडा वेळ ऐकून घ्या. मी सांगणार आहे ती माझ्या स्वतःच्या हातून झालेली चूक आहे. आणि तीच चूक या मांडवातल्या बऱ्याच गावांनी केली असेल. केली नसेल तर येत्या वैशाखात, वादळ आलं की करतील.

२००६ सालच्या मे महिन्यात आमच्या गावाला वादळाने झोडपलं. शाळेच्या तीन खोल्यांवरचे सिमेंटचे पत्रे उडाले आणि मैदानात येऊन फुटले. पुढे शाळेवर टिनाचे नवे पत्रे बसले. जुन्या पत्र्यांचा ढीग तिथेच पडून राहिला. ठेकेदार म्हणाला, ते उचलणं माझ्या कामात धरलेलं नाही. पारावर चर्चा झाली तेव्हा मीच उठून म्हणालो, आपली पांदण पावसाळ्यात गुडघाभर चिखलाची होते, बैल रुततात, बाया घसरतात. हे पत्रे फोडून चाकोरीत टाकू. सगळ्यांना पटलं. बैलगाडी माझी, घणही माझाच. पाच खेपा केल्या. पत्र्यांचे तळहाताएवढे तुकडे केले आणि चाकोरीत दाबले. त्या पावसाळ्यात एकही गाडी रुतली नाही. लोकांनी माझं कौतुक केलं आणि मलाही बरं वाटलं.

सात वर्षं त्या वाटेवरून ट्रॅक्टर गेले, कडब्याच्या गाड्या गेल्या, कापसाच्या गाड्या गेल्या. तुकड्यांचा चुरा झाला, चुऱ्याचं पीठ झालं. उन्हाळ्यात त्या पांदणीवर पांढुरकी धूळ उडायची. आमच्या बाया निंदायला आणि वेचायला त्याच धुळीतून जात होत्या. पोरं ते तुकडे उचलून सिमेंटच्या ओट्यावर रेघोट्या ओढत होती.

२०१३ साली माझा मावसभाऊ गावी आला. मुंबईच्या बाजूला पत्र्याच्या एका कारखान्यात त्याने बावीस वर्षं काढली. वयाने माझ्याहून लहान, पण पन्नास पावलं चालला की थांबतो, झाडाला धरून उभा राहतो आणि मग पुढे जातो. त्याला शेत दाखवायला घेऊन निघालो. पांदणीत तो थांबला. मला वाटलं दम लागला असेल. तो खाली बसला, एक तुकडा उचलला, फुटलेल्या कडेवरचे बारीक पांढरे तंतू मला दाखवले आणि विचारलं, "दादा, हे इथं कोणी टाकलं?" मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, मीच टाकलं. तो म्हणाला, "ज्या धुळीनं माझी छाती गेली, ती तू गावाच्या रस्त्यावर अंथरलीस."

भावांनो, त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलो. जे समजलं ते सांगतो.

हा पत्रा आहे तरी काय?

आपण त्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो. पण नुसत्या सिमेंटचा एवढा पातळ पत्रा केला तर तो स्वतःच्या वजनाने मोडेल. मातीच्या भिंतीला धरून ठेवायला आपण गाऱ्यात गवताचे काड कालवतो, तसे या सिमेंटमध्ये तंतू कालवलेले असतात. साधारण दहा भागांत एक भाग तंतू आणि बाकीचं सिमेंट वगैरे. हे तंतू म्हणजे ॲस्बेस्टॉस. तो कारखान्यात तयार केलेला पदार्थ नाही, जमिनीतून निघणारा दगड आहे. पण हा दगड असा विचित्र की कुटला तर त्याचा कापसासारखा धागा निघतो. तो जळत नाही, कुजत नाही, गंजत नाही. सिमेंटमध्ये तो कालवून पत्रा करण्याची रीत १९०० सालच्या सुमारास ऑस्ट्रियातल्या लुडविग हॅट्शेक नावाच्या कारखानदाराने शोधली, आणि तिथून ती जगभर गेली.

आपल्याकडे हा पत्रा का आला, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. गवताच्या छपराला आगीची भीती. कवेलूंच्या घरावर वानरांची टोळी एकदा नाचून गेली की निम्मे कवेलू फुटलेले. धाब्याच्या घराला दर पावसाळ्याआधी माती घालायची, तरी ते गळायचंच. टिनाचा पत्रा उन्हाळ्यात भट्टीसारखा तापतो, आणि पाऊस आला की त्याखाली बोललेलं ऐकू येत नाही. मग सिमेंटचा पत्रा आला. टिनापेक्षा थंड, आवाज नाही, गंज नाही, पक्क्या छतापेक्षा स्वस्त. घरावर बसला, गोठ्यावर बसला, शाळेवर, गोदामावर, बाजार समितीच्या शेडवर बसला. ज्याने तो बसवला त्याने काही मूर्खपणा केला नाही. हातात जेवढा पैसा होता त्यात जे मिळत होतं ते घेतलं. त्यात काय आहे हे त्याला कोणी सांगितलं नाही, ही त्याची चूक नाही.

छातीत काय होतं?

धूळ आपल्याला नवी नाही. ज्वारी मळायला बसलो की अंग खाजतं, नाक भरतं. आंघोळ केली, दोन दिवस गेले की उतरतं. जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांना कापसाच्या धुळीचा त्रास माहीत आहे: सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेलं की छाती आवळून येते. तो आजार वाईटच आहे, वर्षानुवर्षं त्या धुळीत राहिलं तर फुप्फुस कायमचं बिघडतं. पण ज्वारीची धूळ काय, कापसाची धूळ काय, ती वनस्पतीची आहे. शरीर तिचा थोडाफार निकाल लावू शकतं. ॲस्बेस्टॉसचा तंतू दगडाचा आहे. केसापेक्षा कितीतरी बारीक, डोळ्यांना दिसत नाही, नाकाला वास येत नाही. तो श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो आणि तिथे रुततो. पायात बाभळीचा काटा मोडून राहिला तर पाय तो पू करून बाहेर काढतो. या काट्याला बाहेर काढण्याची ताकद फुप्फुसात नाही.

त्यातून मुख्यतः तीन आजार होतात. पहिला, फुप्फुसाची गाठाळ कातडी होते आणि दम लागतो; त्याला ॲस्बेस्टोसिस म्हणतात. माझ्या मावसभावाला झाला आहे तो हाच. दुसरा, फुप्फुसाचा कर्करोग. तिसरा मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग. हा एरवी फार क्वचित होणारा रोग. तो दिसला की डॉक्टर आधी विचारतात, ॲस्बेस्टॉसशी कुठे संबंध आला होता का? जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे. पांढरा असो, निळा असो, तपकिरी असो, सगळ्या प्रकारच्या ॲस्बेस्टॉसने कर्करोग होतो. कामाच्या जागी या धुळीशी संबंध आल्याने जगात दरवर्षी २ लाखांहून जास्त माणसं मरतात, असा त्यांचा अंदाज आहे.

आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे वेळ. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली. ते विष त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी दिसलं. डोळे गेले, उलट्या झाल्या, दवाखाने भरले, म्हणून त्यावर ओरड झाली. ॲस्बेस्टॉसचा कर्करोग दिसायला वीस ते चाळीस वर्षं लागतात. आज पत्रा कापणारा पंचविशीतला पोरगा साठीला आजारी पडतो. तोवर त्याला पत्रा आठवतही नाही. डॉक्टर विचारत नाही, हा सांगत नाही. गावात म्हणतात, म्हातारपणी दम्याने गेला.

बिडी ओढणाऱ्यांना एक गोष्ट वेगळी सांगतो. बिडी आणि ही धूळ एकत्र आली की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसता एकात एक मिळवल्यासारखा वाढत नाही, तो कितीतरी पट होतो. ज्यांनी या धुळीत काम केलं आहे त्यांच्या हातात आज एकच इलाज आहे, आणि तो म्हणजे बिडी सोडणं.

आता घाबरून घरी जाऊन पत्रे काढायला लागू नका. तेच मी तुम्हाला करू नका म्हणून सांगायला आलो आहे. पत्रा धड आहे, तडा नाही, कडा झिजलेल्या नाहीत, तर त्यातले तंतू सिमेंटने घट्ट धरून ठेवलेले असतात. अशा पत्र्याखाली झोपण्यात धोका फार कमी आहे. आयुष्यात एकदा एखाद्या पत्र्याला भोक पाडलं म्हणून कोणी रात्रीची झोप घालवू नये. धोका धुळीत आहे. जितकी जास्त धूळ आणि जितक्या जास्त वेळा, तितका धोका जास्त. पत्रा कापला, घासला, फोडला, चुरा केला की ती धूळ मोकळी होते.

दुसऱ्यांनी काय भोगलं?

मी पांदणीत जे केलं ते आधी दुसऱ्यांनी करून पाहिलं आहे. नेदरलँड्समध्ये गोर नावाचं गाव आहे. तिथे सिमेंटच्या पत्र्यांचा कारखाना होता. १९३५ पासून पुढे जवळजवळ चाळीस वर्षं त्या कारखान्याचा टाकाऊ माल आसपासच्या शेतकऱ्यांना फुकट मिळत होता. शेतकऱ्यांनी तो शेतातल्या वाटांवर आणि घरासमोरच्या अंगणात टाकला, चिखल होऊ नये म्हणून. अगदी माझंच डोकं! पुढे डॉक्टरांच्या लक्षात आलं की त्या भागातल्या बायकांमध्ये मेसोथेलिओमा जास्त दिसतो. त्यांतल्या कितीतरी बायकांनी कारखान्याचं दारही पाहिलेलं नव्हतं. त्या फक्त अंगण झाडत होत्या आणि वाटेने चालत होत्या. नेदरलँड्सने १९९३ साली ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. रस्ते आणि अंगणं साफ करायला नंतर सरकारला कितीतरी वर्षं आणि भरमसाट पैसा घालावा लागला.

इटलीत कासाले मोन्फेर्रातो नावाच्या गावातला कारखाना १९८६ साली बंद पडला. तिथे कामगार तर गेलेच, पण नवऱ्याचे कामाचे कपडे घरी झटकून धुणाऱ्या बायकाही गेल्या. मायबहिणींनो, हे लक्षात ठेवा.

दक्षिण कोरियाची गोष्ट आपल्या जास्त जवळची आहे. १९७० पासून तिथे सरकारने खेडी सुधारण्याची मोठी मोहीम काढली. भाताच्या पेंढ्याची छपरं काढून सगळ्या खेड्यांत ॲस्बेस्टॉसचे पत्रे बसवले. २००९ साली त्याच देशाने ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली, आणि २०११ पासून तेच पत्रे उतरवायला सरकार लोकांना अनुदान देतं. सरकारने बसवले, सरकारने उतरवण्याचा खर्च उचलला. हा हिशोब मला रास्त वाटतो.

आणि एक कॅनडा. त्या देशात क्वेबेक प्रांतात ॲस्बेस्टॉस याच नावाचं गाव होतं, तिथे मोठी खाण होती. तिथला माल आपल्या देशात येत होता. तिकडे स्वतःच्या इमारतींतून ॲस्बेस्टॉस काढत होते आणि इकडे आपल्याला विकत होते. २०११ साली तिथल्या खाणी थांबल्या, २०१८ साली देशाने बंदी घातली, आणि २०२० साली गावाने स्वतःचं नावच बदलून वाल-दे-सूर्स केलं. गावाला ज्या नावाची लाज वाटली ती वस्तू आपल्या शाळांवर अजून बसलेली आहे.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

आपल्या सरकारने १९८६ साली ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे देणं बंद केलं आणि १९९३ साली जुन्या पट्ट्यांचं नूतनीकरण थांबवलं. कारण काय, तर खाणीतल्या माणसांच्या आरोग्याला धोका. बरोबर आहे. पण बाहेरून आणायला बंदी नाही. रशिया, कझाकस्तान अशा देशांतून तो येतो, त्याचे पत्रे होतात, आणि ते आपल्या तालुक्याच्या दुकानात मिळतात. शेजारच्या नेपाळने २०१५ पासून बंदी अमलात आणली. अमेरिकेने २०२४ साली पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदीचा नियम काढला. आपल्याकडे जमिनीतून काढणाऱ्याला धोका आहे असं सरकार मानतं, मग छपरावर चढून तो कापणाऱ्याला धोका नाही, हे कोणत्या हिशोबात बसतं?

कामगारांना थोडंफार मिळालं तेही न्यायालयातून. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका ग्राहक संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला. कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असं त्यात म्हटलं. ॲस्बेस्टॉसच्या प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षं, यांत जे नंतर येईल तोवर ठेवायची, असा आदेश दिला. आजारी ठरलेल्यांना एक लाख रुपये भरपाईही सांगितली. आपल्या जिल्ह्यातून मुंबई, नाशिक, गुजरातकडे अशा कारखान्यांत गेलेली माणसं गावोगाव परत आलेली आहेत. त्यांना हा निकाल सांगा. दम लागत असेल तर डॉक्टरांसमोर आपण होऊन म्हणायला सांगा, मी ॲस्बेस्टॉसच्या धुळीत इतकी वर्षं काम केलं आहे. न सांगता क्षयाच्या गोळ्या खात बसण्यात अर्थ नाही.

आता हातातलं काम

पहिली गोष्ट, पत्रा ओळखा. रंग राखाडी, जाडी साधारण सहा मिलिमीटर, लाटा मोठ्या. वाजवला तर टिनासारखा खणखणत नाही, लोहचुंबक चिकटत नाही. पत्र्यावर आय. एस. ४५९ छापलेलं असेल तर तो ॲस्बेस्टॉसचाच. छाप पुसला गेला असेल आणि पत्रा जुना असेल, तर ॲस्बेस्टॉस आहे असं धरून चाला. पत्र्याखेरीज नळयोजनेचे जुने सिमेंटचे पाईप, जुन्या टाक्या, धुराड्याचे पाईप यांतही तो असतो. नवी नळयोजना खोदताना असे पाईप निघतात आणि पोरं ते घेऊन जातात.

दुसरी गोष्ट, पत्र्यावर पाय ठेवू नका. हा धोका वीस वर्षांनंतरचा नाही, आजचा आहे. जुना पत्रा वरून धड दिसतो, पण माणसाचं वजन घेत नाही. माझे चुलते गोठ्यावरचं वानर हाकलायला चढले आणि पत्र्यातून थेट गव्हाणीवर पडले. कंबर गेली ती गेलीच. चढावंच लागलं तर दोन आडव्यांवर टेकेल अशी लांब, रुंद फळी टाका आणि फळीवरच राहा.

तिसरी, धड पत्र्याला हात लावू नका. शेवाळ आलं म्हणून तारेच्या ब्रशने घासू नका. पाण्याचा जोराचा फवारा मारू नका. घासायचं नाही, पण ब्रशने रंगाचे दोन हात द्यायला हरकत नाही. त्याने पत्रा झिजायचा थांबतो. पन्हाळीत साचलेला गाळ ओला असतानाच काढा.

चौथी, पत्रा करवतीने कापू नका, आणि ते गरगर फिरणारं कटर तर अजिबात लावू नका. त्या कटरने एका मिनिटात जेवढी धूळ उडते तेवढी धड पत्र्यातून कितीतरी वर्षांत निघत नाही. झरोक्यासाठी, धुराड्यासाठी भोक पाडायचं असेल तर तेवढा एक पत्रा काढून तिथे टिनाचा बसवा.

पाचवी, पत्रा काढायचाच असेल तर असा काढा. वारं नसलेला दिवस निवडा. पोरं, म्हातारे, जनावरं लांब ठेवा. घरातली भांडी, धान्य, कापूस बाहेर काढा किंवा पन्नीने झाका. फवारणीचा पंप स्वच्छ धुऊन घ्या, त्यात पाणी आणि थोडा कपडे धुण्याचा साबण टाका आणि पत्रा खालून-वरून भिजवा; वरून भिजवताना शिडीवरूनच. ओल्या पत्र्यातून धूळ उडत नाही, सगळी गंमत या भिजवण्यात आहे. नट गंजले असतील तर तेल सोडा. तरी निघाला नाही तर बोल्ट कापा, पत्रा कापू नका. दोघांनी दोन टोकांना धरून खाली उतरवा. वरून फेकू नका. खाली आल्यावर तुकडे करू नका.

तोंडाला गमछा बांधून काम करणारे मी पाहिले आहेत. गमछ्यातून हा तंतू आरपार जातो. एफएफपी-३ किंवा पी-१०० असं छापलेला मुखवटा घ्या. शहरात रंगाच्या, सुरक्षेच्या सामानाच्या दुकानात मिळतो. चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. दाढी असली तर तो बसत नाही. पण मुखवटा मिळाला म्हणून सुका पत्रा कापायला मोकळे झालो, असं समजू नका. आधी पाणी, मग मुखवटा.

काम झालं की खाली पडलेला चुरा सुक्या झाडूने झाडू नका. पाणी शिंपडा, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकंही पत्र्यांबरोबरच टाका. अंगावरचे कपडे दाराबाहेर काढा, झटकू नका, पाण्यात बुडवून वेगळे धुवा. आंघोळ करून मगच लेकराला उचला.

सहावी गोष्ट, काढलेला पत्रा. शेततळ्यात अंथरतात तसली जाड पन्नी घ्या. पत्रे भिजवून दोन पदरांत गुंडाळा, चिकटपट्टी लावा आणि वर ठळक लिहा: ॲस्बेस्टॉस, फोडू नका. भंगारवाल्याला देऊ नका. गव्हाणीच्या आडोशाला, चुलीच्या बाजूला, न्हाणीला तुकडे लावू नका. आगीत टाकू नका, तापला की तो फटाक्यासारखा फुटतो. आणि माझ्यासारखा पांदणीत तर मुळीच टाकू नका.

सातवी गोष्ट खास कापसाच्या मुलखासाठी. आपल्याकडे वाफेवर चालणारे जुने जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने पडून आहेत. बॉयलरला आणि वाफेच्या पाइपांना जे पांढरं, मऊ, बोटाने भुगा होणारं लपेटण असतं, त्यात बऱ्याचदा ॲस्बेस्टॉस असतो, आणि तो पत्र्यासारखा सिमेंटात बांधलेला नसतो. पत्र्यापेक्षा हे कितीतरी वाईट. लोखंडासाठी ते ओरबाडायला आपल्या पोरांना मजुरीवर नेतात. पाठवू नका. ते काम पूर्ण संरक्षण असलेल्या जाणकार माणसांचं आहे.

आम्ही पांदणीचं काय केलं?

मावसभाऊ गेल्यावर मी ग्रामसभेत उभा राहिलो आणि सांगितलं, ही चूक माझी आहे. कोणी शिव्या दिल्या नाहीत, पण बराच वेळ कोणी बोललंही नाही. मग आषाढात, माती ओली असताना, आम्ही आठ जण दोन दिवस खपलो. दिसतील तेवढे तुकडे हाताने वेचले, पन्नीत बांधले, गायरानाच्या कडेला विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब खोल खड्डा घेऊन पुरले. वर माती, वर दगडांची खूण. जागेची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात केली, उद्या कोणी तिथे पाया खोदू नये म्हणून. जो चुरा वेचण्यापलीकडे गेला होता त्यावर अख्ख्या पांदणीत मुरुमाचा जाड थर दिला. उन्हाळ्यात थर झिजला की पुन्हा देतो. हा आदर्श उपाय नाही, हे मला माहीत आहे. हे काम गावाने लपूनछपून, स्वतःच्या बुद्धीने करायचं नाही. तुम्ही करायच्या आधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आपल्या भागातल्या कार्यालयाला लेखी विचारा, आणि उत्तर लेखीच मागा. कारखान्यांच्या धोकादायक कचऱ्यासाठी नागपूरजवळ बुटीबोरीला, पुण्याजवळ रांजणगावला, मुंबईजवळ तळोजाला केंद्रं आहेत. जो माल कारखान्यातून निघाला की धोकादायक कचरा ठरतो, तोच शाळेवरून निघाला की साधा राडारोडा कसा होतो, हा प्रश्न त्या पत्रात विचारा.

मागणी काय?

भावांनो, आपल्याला कोणाकडे भीक मागायची नाही. साधा हिशोब मांडायचा आहे. पहिलं, प्रत्येक ग्रामसभेने ठराव करून गावातल्या सार्वजनिक इमारतींची यादी करावी: शाळा, अंगणवाडी, दवाखाना, सोसायटीचं गोदाम. कुठे सिमेंटचे पत्रे आहेत, कुठे फुटलेले आहेत. दुसरं, शाळा आणि अंगणवाडीवरचे फुटके पत्रे आधी बदलावेत, कारण पुढची साठ वर्षं ज्यांना जगायचं आहे ती माणसं त्याखाली बसलेली आहेत. तिसरं, सरकारी कामाच्या अंदाजपत्रकात नवा पत्रा बसवण्याचा खर्च धरतात, तसा जुना भिजवून, गुंडाळून नेण्याचाही धरावा. "ते माझ्या कामात नाही" असं ठेकेदाराला म्हणता येऊ नये. चौथं, वादळाच्या पंचनाम्यात किती पत्रे उडाले एवढंच लिहितात. फुटलेले पत्रे उचलून नेण्याची जबाबदारी प्रशासनाने घ्यावी. आणि पाचवं, पत्रा विकणाऱ्या दुकानदाराने मराठीत लिहून द्यावं की यात ॲस्बेस्टॉस आहे आणि तो कापायचा नाही. कीटकनाशकाच्या डब्यावर निदान लाल त्रिकोण तरी असतो.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात जे आहे ते आपण करू. माझा मावसभाऊ गेल्या दिवाळीला आला होता. आता तो पांदणीपर्यंत चालत येऊ शकत नाही. मी त्याला गाडीत बसवून नेलं आणि मुरुम टाकलेला रस्ता दाखवला. तो काही बोलला नाही, मान हलवली. नंतर घरी आल्यावर म्हणाला, "आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं रे. तू निदान सांगत जा."

म्हणून सांगतो आहे. आज गावी गेलात की आधी आपल्या गोठ्यावर नजर टाका, मग शाळेवर. आणि वादळानंतर कोणी घण घेऊन पत्रे फोडायला निघाला, तर त्याचा हात धरा. त्याला माझी गोष्ट सांगा.

एवढं बोलून थांबतो. भाकरी थंड होते आहे.